पुशबॅक, हेडिंग आणि १५ अंशांचा घोळ

प्रवासी विमान स्टँडवरून निघतं तेव्हा टग त्याला मागे ढकलतो आणि टॅक्सीवेवर आणून वळवतो. हाच पुशबॅक. सिम्युलेटरवर प्रयोग करणार असाल तर तो आपोआप नीट होतो असं धरून चालू नका. पुशबॅकचा मार्ग कसा आखलाय ते सगळेच बघतात. विमान मुळात उभं कुठल्या दिशेला आहे, हे मात्र राहून जातं. आमचा घोळ तिथेच झाला.

एक्स-प्लेन १२ मध्ये विमानतळाच्या अ‍ॅड-ऑनमध्ये 'एपीटी डॅट' ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. १३०० ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक स्टँड: अक्षांश, रेखांश, मग हेडिंग. हे हेडिंग भौगोलिक उत्तरेपासून मोजलेलं लागतं. कॉकपिटमधलं होकायंत्र दाखवतं ते चुंबकीय उत्तरेपासून.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मुंबईच्या एका स्टँडवर विमान तिरकं उभं राहायचं. मी ते रेघेत नीट लावलं, होकायंत्रावरचा आकडा वाचला आणि फाइलमध्ये टाकला. 'बेटरपुशबॅक' प्लगइनमध्ये आधी ३० मीटर सरळ मागे आणि मग वळण, असा मार्ग आखला. छान चाललं. ही पद्धत मी लॅबच्या वहीत लिहिली आणि पुढे 'तपासलेली' असा शेराही मारला!

पुढे एका ज्युनिअरने तीच पद्धत सिअ‍ॅटलसाठी वापरली. दोन दिवसांच्या रन्स झाल्यावर ट्रॅक नकाशावर टाकले, तर विमान रेघेपासून जवळपास ८ मीटर बाजूला. आम्ही मोजत होतो टॅक्सीचा वेळ, म्हणजे सगळा डेटा वाया. आधी संशय आला सीनरीच्या यादीवर. (एकाच विमानतळाची दोन अ‍ॅड-ऑन असतील तर यादीत वर असलेलं चालतं, आणि आपण भलतीच फाइल दुरुस्त करत बसतो. हे एकदा बघून घ्याच.) पण यादी बरोबर होती.

उत्तर धावपट्ट्यांच्या नावातच होतं. सिअ‍ॅटलच्या धावपट्ट्या नकाशावर जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहेत, पण नावं १६ आणि ३४. कारण तिथे चुंबकीय उत्तर भौगोलिक उत्तरेच्या सुमारे १५ अंश पूर्वेला आहे. आता ३० ला साइन १५ ने गुणा: ७.८ मीटर. मुंबईत हा फरक एका अंशाहूनही कमी, म्हणजे फार तर अर्धा मीटर. पद्धत दोन्हीकडे चुकीचीच होती, फक्त मुंबईत ती चूक दिसण्याची सोयच नव्हती.

उपाय सोपा आहे. होकायंत्राच्या आकड्यात पूर्वेकडचा फरक मिळवा, पश्चिमेकडचा असेल तर वजा करा.

विमान निवडतानाही हीच गोष्ट. एअरबस ए३२० च्या पुढच्या आणि मुख्य चाकांमधलं अंतर १२.६४ मीटर, बोइंग ७७७-३०० ईआरचं ३१.२२. पुढचं चाक तेवढंच वळवलं तरी वळणाची त्रिज्या ढोबळमानाने अडीचपट होते. ए३२० वर सुरेख बसलेलं वळण ७७७ चं शेपूट गवतावर नेऊ शकतं.

वहीतला तो शेरा मी खोडलाय. आता तिथे विमानतळ, विमान आणि दोन उत्तरांमधला फरक असे तीन रकाने आहेत. मुंबईच्या ओळीत लिहिलंय: 'इथे हेडिंगची चूक दिसत नाही.'