अठरा मान म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. शहागडच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसलो होतो. वीज नेहमीप्रमाणे गेलेली. पुतण्याने मोबाइलच्या उजेडात एक कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर बँकेत काढला. एवढं वाचून सांगा बरं. पोरीला जपानात पगार अठरा हजार मिळणार का अठरा लाख?"

त्याची मुलगी नर्सिंगचा कोर्स करून सध्या छत्रपती संभाजीनगरला जपानी शिकते आहे. तिकडे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला तरुण हात कमी पडतात. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलामुलींना ही वाट खुली झाली. भाषेची आणि कामाची परीक्षा दिली की जाता येते. आमच्या पोरीने क्लासमधून पगाराचा आणि खर्चाचा नमुना घरी पाठवला होता आणि फोनवर बापाला सांगितले होते, "पगार अठरा मान, आणि सगळा खर्च पस्तीस मान." बापाने मान म्हणजे हजार असे धरले. अठरा हजारांसाठी पोरगी समुद्रापार कशाला धाडायची, असा त्याचा सवाल. शेजारच्या किराणा दुकानदाराचे म्हणणे, परदेशात हजारात कोण बोलतो, ते लाखच असणार. या दोघांच्या मधोमध आमची दोन एकर बागायत उभी होती. खर्चासाठी ती गहाण टाकायची की नाही, एवढाच खरा प्रश्न.

मी कागद पाहिला. त्यावर आकडा होता १८०,०००. स्वल्पविराम तिसऱ्या घरात. बँकेत परकीय चलनाची कागदपत्रे हाताळलेली असल्यामुळे एवढे कळले, की हे एक लाख ऐंशी हजार. पण मग यात 'अठरा' कुठून आले? छत्तीस वर्षे आकड्यांवर पोट भरलेला माणूस मी, आणि त्या रात्री एका सहा आकडी रकमेपुढे बावळटासारखा बसून राहिलो. शेवटी पोरीलाच फोन लावला.

"आबा, ते लोक चार-चार घरांनी मोजतात," ती म्हणाली, "मी पण क्लासमध्ये चुकले. सरांनी पस्तीस मान सांगितले आणि मी पस्तीस हजार लिहिले. सगळे हसले."

मी हसलो नाही. एका शून्याला हसू नये, हे मला फार पूर्वी कळले आहे. ते सांगतोच; आधी हा चार घरांचा हिशेब.

आपण लहानपणी एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष असे घोकले. जपानी मुलेही अगदी तशीच घोकतात. इची, जू, ह्याकु, सेन. म्हणजे एक, दहा, शंभर, हजार. इथपर्यंत दोघे बरोबर चालतो. पाचव्या घरात ताटातूट होते. आपण तिथे 'दहा हजार' म्हणतो, म्हणजे जुन्याच हजाराला दहाने गुणतो. जपानी माणूस तिथे नवा शब्द काढतो : मान. मग पुढे जू-मान, ह्याकु-मान, सेन-मान, म्हणजे दहा मान, शंभर मान, हजार मान. चार घरे संपली की पुन्हा नवा शब्द, ओकु. आणखी चार घरांनंतर चो. आपला जिना हजारानंतर दोन-दोन पायऱ्यांनी वळतो, हजार, लाख, कोटी असा. त्यांचा चार-चार पायऱ्यांनी. इंग्रजांचा तीन-तीन.

म्हणून आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान. आपले कोटी म्हणजे हजार मान. त्यांचा एक ओकु म्हणजे आपले दहा कोटी. आणि एक चो म्हणजे आपले बरोबर एक लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत 'लाख कोटी' हा जोडशब्द ऐकून मला नेहमी वाटे, की आपल्याकडची मापे संपली म्हणून आपण मापात माप घालतो आहोत. जपान्यांकडे त्या जागेला सुटा शब्द आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातला ८१ टक्के भाग जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने देऊ केला. (असे व्याज मी माझ्या अख्ख्या नोकरीत कुणाला लावू शकलो नाही, हे जाता जाता.) तो अंदाज जपानी तोंडाने वाचायचा तर एक चो आठशे ओकु.

गंमत अशी, की पाचव्या घराला स्वतंत्र नाव आपल्याकडेही होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांत सहस्रानंतर येते ते अयुत. अयुत म्हणजे दहा हजार, म्हणजेच मान. तो शब्द बोलण्यातून कधी गळाला कोण जाणे. राहिला असता तर त्या रात्री पुतण्याला मी एका शब्दात उत्तर दिले असते.

जपान्यांची अडचण वेगळीच आहे. ते बोलतात चार घरांनी, पण छापतात तीन घरांनी, कारण हिशेबाची पाश्चात्त्य पद्धत त्यांनी एकोणिसाव्या शतकात उचलली. पस्तीस लाख ही रक्कम घ्या. आपण लिहितो ३५,००,०००. स्वल्पविराम जिथे, तिथेच जीभ थांबते. ते छापतात ३,५००,००० आणि म्हणतात तीनशे पन्नास मान. स्वल्पविराम एकीकडे, जीभ दुसरीकडे. मोठा आकडा दिसला की तिकडची जाणती माणसेही उजवीकडून इची, जू, ह्याकु असे घर मोजत येतात म्हणे. ऐकून मला बरे वाटले. कॅशियरच्या पिंजऱ्यात आम्हीही ओठ हलवत तेच करत असू.

एका बाबतीत मात्र त्यांची पोरे सुखी. आपल्याकडे एकपासून शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव वेगळे पाठ करावे लागते. एकोणऐंशी म्हटले की ७९ लिहायचे की ८९, याचा घोळ मोठ्यांचाही होतो. जपानीत ७९ म्हणजे सात-दहा-नऊ, संपले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी परोपरीने समजावून सांगितले. माझे मन तेव्हा विरोधकांच्या बाजूने होते. मातृभाषेचा साज का उतरवायचा, असे वाटे. आता या पोरीला जपानी आकडे भराभर म्हणताना ऐकतो तेव्हा वाटते, नारळीकरबाई मुलांच्या बाजूने बोलत होत्या. अर्थात जपानीही अगदी सरळ नाही. ह्याकु म्हणजे शंभर, पण तीनशे म्हणजे सान्ब्याकु, सहाशे रोप्प्याकु आणि आठशे हाप्प्याकु. पोरीची आजी म्हणते, ही भाषा आहे का पाण्यात दगड टाकायचा आवाज?

आता माझ्या शून्याची गोष्ट. १९८५ च्या सुमारास मी याच गंगथडीतल्या एका शाखेत होतो. बँकेचे नाव सांगत नाही. चूक बँकेची नव्हे, माझी होती. खातेवह्या हाताने लिहायचे दिवस. एका शेतकऱ्याने पीककर्जापोटी सतराशे रुपये भरले. पावती मीच लिहिली, पण खातेवहीत नोंद केली १७० ची. दीड वर्षाने त्याला थकबाकीची नोटीस गेली. म्हातारा आला, पटक्याच्या घडीतून पावती काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला, "साहेब, मला वाचता येत न्हाई. पण पैसे भरले त्याच दिवशी बैल इकला व्हता. बैल एकशेसत्तरला जातो का?"

पावतीच्या घडीवर आकड्यातले शेवटचे शून्य झिजून गेले होते. पण त्याखाली माझ्याच अक्षरात होते : अक्षरी रुपये सतराशे फक्त. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर खरे मानायचे, हा नियम धनादेशाला १८८१ च्या कायद्यापासून लागू आहे. त्या दिवशी तो पावतीलाही लागला. नोंद सुधारली, व्याज उलटवले. पण थकबाकीदार म्हणून त्या खरिपात म्हाताऱ्याला नवे कर्ज मिळाले नव्हते, आणि बियाण्यासाठी त्याने सावकाराचे दार गाठले होते. ते व्याज कोणत्या खात्यात उलटवायचे? म्हाताऱ्याने तक्रार केली नाही. चहा पिऊन गेला. मी मात्र पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक रक्कम ओठ हलवून वाचली.

आकड्यावर विश्वास टाकू नये, हे शहाणपण जुनेच. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाच्या उर्दू खतांत रक्कम लिहिली की पुढे 'निस्फ' लिहीत, म्हणजे तिची निम्मी. पाचशे रुपये, ज्याचे निम्मे अडीचशे. कुणी पाचशेचे पाच हजार करायला गेला तर निम्मे जुळत नाही. जपान्यांना तर अधिक धास्ती, कारण त्यांच्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन. एकाचे तीन करायला लेखणीचे दोन फटकारे पुरे, आणि मध्ये एक उभी रेघ ओढली की एकाचे दहा. म्हणून करारासाठी आणि पावतीसाठी त्यांनी आकड्यांची वेगळी, भरघोस रेघांची अक्षरे ठेवली आहेत. आणि रक्कम लिहून झाली की शेवटी 'नारी' असा शब्द घालतात, आपल्या 'फक्त'सारखा, पुढे कुणी काही चिकटवू नये म्हणून. हे ऐकून मला त्या न पाहिलेल्या देशाच्या बँकवाल्यांविषयी एकदम आपुलकी वाटली.

तर, पुतण्याकडे वळतो. त्याला मी जिना, पायऱ्या, अयुत, सगळे सांगून पाहिले. तो मान हलवी आणि पुन्हा विचारी, "म्हंजे हजारच ना?" शेवटी पोरीनेच फोनवरून तोडगा काढला. जपानातली सगळ्यात मोठी नोट दहा हजार येनची, म्हणजे नेमकी एक मानची. जुलै २०२४ पासून तिच्यावर शिबुसावा एइइची यांचे चित्र आहे. १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक काढणारा हा गृहस्थ. (नोटेवर बँकवाला! आपल्याकडेही दहा हजारांची नोट होती. जानेवारी १९७८ मध्ये ती रद्द झाली.) "बाबा," पोरगी म्हणाली, "मान म्हणजे नोट धरा. पगार अठरा नोटा. खर्च पस्तीस नोटा."

पुतण्याचा चेहरा उजळला. नोटा त्याला मोजता येतात. शंभर येनला पन्नास-साठ रुपये धरले तर एक नोट साधारण साडेपाच-सहा हजारांची. अठरा नोटा म्हणजे लाखाच्या आसपास. तो ताठ बसला. मग पस्तीस नोटांचा गुणाकार झाला, आणि पुन्हा गप्प झाला. कमाई दहापट झाली तशी खर्चाचीही दहापट झाली होती. वीस हजार उसने आणून भागेल असे धरून बसलेल्या माणसाला दोन लाख उभे करायचे होते. मी म्हटले, आधी हे विचार, की कर, विमा आणि खोलीचे भाडे कापून अठरांतल्या किती नोटा हातात पडतात. कर्ज त्या नोटांवर काढायचे, या अठरांवर नाही. दोनऐवजी एकाच एकराचा सात-बारा त्याने बाजूला काढला. दुसरा ट्रंकेत परत गेला.

हे वेड एकट्या आमच्या घरातले नाही. संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना कोणती परकी भाषा शिकायची असे विचारले, तर बहुतेकांनी जपानी सांगितली. कारण काय, तर रोबो!

दिवाळीत पोरगी चार दिवस घरी आली होती. संध्याकाळी आम्ही तिघे पुलावर गेलो. इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पोरीने एक नवल सांगितले. चोच्याही पुढे जपान्यांची नावे चढत जातात, आणि एकावर बावन्न शून्ये आली की त्या संख्येचे नाव गोगाशा, म्हणजे गंगेची वाळू. त्यापुढे छप्पन्न शून्यांना आसोगी, आपले असंख्येय. साठ शून्यांना नायुता, आपले नयुत. बौद्ध ग्रंथांबरोबर हे संस्कृत शब्द चीनमार्गे तिकडे गेले, आणि १६२७ साली निघालेल्या योशिदा मित्सुयोशीच्या जिंकोकी या अंकगणिताच्या पुस्तकातून घरोघर पोचले.

पुतण्या कठड्याला टेकून खाली पाहत होता. पात्रात पाणी एका कडेला सरकलेले, बाकी वाळू, आणि वाळूत खड्डेच खड्डे.

"मग एका ब्रासमधी किती दाणे भरतील?" त्याने विचारले.

पोरगी बोटांवर मोजू लागली. इची, जू, ह्याकु, सेन, मान... ती ओकुपर्यंत पोचली तेव्हा ताडपत्री झाकलेला एक हायवा पूल हादरवत गेवराईच्या बाजूला निघून गेला होता.