चहापुराण : लेखांक सहावा – मोगऱ्याचा चहा

खुडलेल्या पानास तत्काळ उष्णता देऊन त्याचे काळे पडणे थांबविले म्हणजे हिरवा चहा सिद्ध होतो, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. त्या हिरव्या चहावर मोगऱ्याच्या सुगंधाचा संस्कार करण्याची जी विद्या चीनच्या फुजियान प्रांतातील फूचौ नगरीच्या परिसरात शतकानुशतके जोपासली गेली, तिचे मर्म सांगून, तीच क्रिया घरच्या घरी अल्प प्रमाणात कशी साधावी, हा आजचा विषय आहे.

चहा उकळताना त्यात मूठभर सुकी फुले टाकली की मोगऱ्याचा चहा झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. आणि तसे करून पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. त्याचे कारण फुलाच्या स्वभावात आहे. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळीस वास जवळजवळ नसतोच. कळी उमलू लागली म्हणजे सुगंधी द्रव्ये निर्माण होऊन हवेत मिसळू लागतात, आणि फूल खुडल्यानंतरही काही तास हा व्यापार अव्याहत चालू असतो. एकदा फूल सुकले की त्यात देण्यासारखे फारसे काही उरत नाही. उलटपक्षी, वाळलेले चहाचे पान अंगी सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे शेजारच्या कोणत्याही जिनसाचा वास ओढून घेते. हिंगाच्या डबीशेजारी उघडी राहिलेली चहापूड ज्यांच्या प्रत्ययास आली असेल, त्यांना याहून वेगळा पुरावा नको. तेव्हा फुलाचा वास पाण्यात नव्हे, तर पानात उतरवावयाचा, आणि तोही फूल जिवंत असताना, हेच या विद्येचे सार.

मोगरा हा चीनचा मूळ रहिवासी नव्हे; तो आपल्या बाजूने प्राचीन काळी तिकडे गेला आणि मिन नदीच्या गाळाच्या काठावर रुजला. डोंगरउतारावर चहा आणि नदीकाठी मोगरा, अशी ही फूचौची शेती 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्य केली. आणि 2022 साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीस अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात या कलेचाही समावेश आहे. तेथील शिरस्ता असा, की दुपारच्या उन्हात टपोऱ्या कळ्या खुडून आणावयाच्या, सायंकाळी त्या उमलू लागताच चहाच्या पानांत मिसळून ढीग रचावयाचा, ढीग तापू लागला की मोडून पसरावयाचा व पुन्हा रचावयाचा, आणि सकाळी मलूल फुले चाळून काढून ओलसर झालेला चहा मंद आचेवर वाळवावयाचा. उंची प्रतीच्या चहास हा संस्कार ताज्या फुलांनिशी अनेक रात्री दिला जातो, आणि अखेरीस त्यात पाकळी औषधालाही सापडत नाही.

हे तत्त्व आपल्या देशासही अपरिचित नाही. जौनपूर-गाझीपूरकडे तिळांवर चमेलीच्या फुलांचे थर रचून, वासाने भरलेले ते तीळ गाळून फुलेल काढण्याची प्रथा होती.

आता घरची तजवीज. सुटी पाने असलेला, मसाला वा लिंबू न लावलेला 50 ग्रॅम हिरवा चहा घ्यावा. आपली रोजची दाणेदार चहापूड या कामी निरुपयोगी आहे, कारण तिच्या कडक चवीपुढे मोगऱ्याची मात्रा चालत नाही. कळ्या तितक्याच वजनाच्या, त्याच दिवशीच्या आणि कोरड्या असाव्यात. बाजारातील फुलांवर पाणी शिंपडलेले असते, शिवाय ती देवपूजेसाठी व वेणीसाठी पिकविलेली असल्यामुळे त्यांवरील फवारणीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. म्हणून फुले घरच्या कुंडीतली किंवा खात्रीच्या बागेतलीच घ्यावीत. रातराणी आणि कण्हेर ही फुले मात्र विषारी आहेत. वासाला भुलून त्यांच्या वाटेस जाऊ नये.

कळ्यांचे हिरवे देठ काढून त्या ताटात पसरून ठेवाव्यात. दिवेलागणीनंतर टोकाशी मिटलेल्या पाकळ्या सैल होऊन कळीचे तोंड किंचित उघडले आणि खोलीत वास पसरू लागला, की वेळ झाली असे समजावे. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत चहा आणि कळ्या यांचे एकाआड एक थर देऊन वर स्वच्छ फडके बांधावे. निजण्यापूर्वी एकवार सर्व हलक्या हाताने खालीवर करावे. सकाळी फुले पिवळसर दिसू लागण्यापूर्वीच वेचून टाकावीत, कारण त्यानंतर ती सुगंधाऐवजी कुबट वास देतात. ओलसर चहा अगदी मंद आचेवरच्या जाड तव्यावर, हाताला सोसेल इतक्याच उष्णतेत, सतत हलवीत वाळवावा. चिमटीत धरलेले पान न वाकता कट्कन मोडले म्हणजे ओल गेली. कडक उन्हात मात्र चहा ठेवू नये, मिळविलेला वास उडून जातो. हाच क्रम ताज्या कळ्यांनिशी आणखी दोन रात्री करावा, फुलांचे प्रमाण दर वेळी थोडे कमी करावे, आणि गार झालेला चहा घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर मुरू द्यावा. मोगऱ्याचा बहर असलेला चैत्र-वैशाख या कामास सर्वोत्तम. पावसाळ्यात ओल हटत नाही आणि बुरशीचे भय राहते.

चहा करताना पाणी उकळून चार-पाच मिनिटे उघडे ठेवावे, म्हणजे ते सुमारे 80 अंशांवर येते. पेलाभर पाण्यास 2 ग्रॅम पाने पुरेत, मुदत दोन-तीन मिनिटांची, आणि दूध-साखरेस पूर्ण मज्जाव. तीच पाने दुसऱ्यांदाही चालतात. फूचौच्या कारागिराची सर घरच्या बरणीस येणार नाही. परंतु बाजारात कृत्रिम अर्क शिंपडून मोगऱ्याच्या नावाने जो चहा विकला जातो, त्याहून तीन रात्रींचा हा घरगुती चहा निःसंशय सरस ठरतो. ज्यांच्या दारी मोगरा आहे, त्यांनी पुढचा चैत्र वाया दवडू नये. पुढील लेखांकात धुराचा वास दिलेल्या चहाचा विचार करू.