विहिरीवरचा पंप जपता, मग गाडीतला का नाही?

विहिरीवरची मोटार कोरडी फिरू लागली की तिच्या बदललेल्या आवाजानेच आपण अंथरुणातून उठतो. पाणी तुटले, फूट व्हॉल्व्ह अडकला की ग्लँड गेली, हे तुम्ही लांबूनही ओळखता. पण अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये किंवा पिकअपमध्ये तसाच एक छोटा पंप आहे, याची आठवण गाडी घाटात वाफा सोडू लागल्यावरच होते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ही आठवण आधीच ठेवलेली बरी. वाशीच्या बाजारात माल उतरवून परतताना कसाऱ्याचा घाट चढायचा असतो. चैत्रात घरच्या मंडळींना सप्तशृंगी गडावर न्यायचे, तर नांदुरीपासून वळणावळणाची चढण असते. वर ऊन, गाडीत खच्चून माणसे आणि खालचा गिअर. खरी परीक्षा तिथेच होते.

विहिरीवरचा पंप सतत नवे पाणी उपसतो, गाडीतला मात्र तेच पाणी फिरवत राहतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो आणि पट्ट्यावर चालतो. त्याचा इम्पेलर पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तिथे तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, वाऱ्याने निवते आणि परत पंपाकडे येते. हे चक्र थांबले, तर काही मिनिटांत इंजिनाचे हेड वाकू शकते. पंपाचा खर्च परवडला, पण हेडचे काम निघाले तर हंगामाचा हिशेबच कोलमडतो.

इथे एक घोटाळा टाळा. दोरी भरलेल्या ग्लँडमधून पाण्याचा थेंब पडत राहिला पाहिजे, हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीच्या पंपाला हा नियम लावू नका. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की तिथून पाणी ठिबकू लागते. ते भोक बुजवू नका. तो पंपाने दिलेला निरोप आहे. ठिबकणारे पाणी पुढे बेअरिंगमध्ये शिरते आणि बेअरिंग घरघरू लागते.

म्हणून आठवड्यातून एकदा गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर रंगीत डाग दिसला, तर गळती आहे. इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी पाहा. ती वारंवार उतरत असेल, तर नुसती भरून भागवू नका. इंजिन बंद असताना पंपाची पुली हाताने हलवून पाहा. ती डगडगत असेल, तर पंप बदलायची वेळ झाली. पट्ट्याला चिरा नाहीत ना, तो सैल नाही ना, हेही पाहा. पण फार ताणलेला पट्टाही बेअरिंग खातो.

बोअरच्या पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर धरतो, हे घरातल्या बाया जाणतात. तसाच थर रेडिएटरमध्ये धरतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरा. ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड वॉटर घ्या. निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका. कूलंटमुळे गंज टळतो आणि सीललाही वंगण मिळते. मात्र बहुतेक कूलंट गोडसर असले, तरी विषारी असतात. मुले, कुत्री आणि गुरे यांच्यापासून ते दूर ठेवा. काढलेले कूलंट गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका.

पंप बदलायचा झाल्यास इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा, कूलंट भांड्यात काढून घ्या, मग पट्टा आणि पंप उतरवा. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला थर खरवडून जागा स्वच्छ करा. नवे पॅकिंग घाला आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, पुस्तकातल्या मापाने आवळा. कूलंट भरताना आतली हवा निघून जाऊ द्या. हवेने पंप कसा अडतो, हे तुम्हाला सांगायला नको. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या आणि बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या.

घाटात काटा लाल खुणेकडे चढला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. रेडिएटरचे झाकण उघडू नका. ते शिट्टी न झालेल्या कुकरसारखे दाबाखाली असते आणि उकळते पाणी थेट तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेड तडकते. अर्धा-पाऊण तास थांबा. हात लावण्याइतके इंजिन निवल्यावरच पुढचे पाहा. पट्टा तुटला असेल, तर गाडी ओढून न्या. जवळच तर जायचे आहे, असे म्हणून चालवू नका.

भगिनींनो, गडावर निघायच्या आदल्या दिवशी शिदोरीची तयारी करताना घरच्या चालकाला एवढेच विचारा, ‘पुठ्ठ्यावर डाग नव्हता ना?’ उत्तर मिळाल्यावरच पिशव्या भरायला घ्या.