शिंपला कालचा की लाखो वर्षांपूर्वीचा?

मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावातली कितीतरी कुटुंबे कारवार, गोवा किंवा मालवणला जाऊन येतात. परतताना मुलांच्या पिशवीत शंख-शिंपले असतातच. त्यातला एखादा काळपट, जडसर शिंपला पुढे करून मुले विचारतात, ‘हा जीवाश्म आहे का?’ आमच्या महाविद्यालयातही विद्यार्थी असे नमुने आणून दाखवतात. ‘असेल बाबा’ म्हणून मोकळे होणे सोपे; पण मूल ते खरे मानून चालते.

मुळात ‘जीवाश्म’ हा शब्दच थोडी दिशाभूल करतो. अश्म म्हणजे दगड. तेव्हा दगड झाला तरच जीवाश्म, अशी समजूत होते. कन्नडमधला ‘पळेयुळिके’ मला अधिक नेमका वाटतो : जुने, मागे उरलेले. साधारण १०,००० वर्षांहून जुना अवशेष म्हणजे जीवाश्म, असा संकेत आहे. मग त्याचा दगड झालेला असो वा नसो.

रंगावर मुळीच विसंबू नये. खाडीच्या चिखलात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे गाडला गेलेला शिंपला लोह-गंधकाच्या संयुगाने काळा पडतो. त्यासाठी युगे लोटावी लागत नाहीत. नेटके गोल भोकही वयाची खूण नव्हे; ते बहुधा शिकारी गोगलगायीचे काम. काहीजण लिंबू पिळून पाहतात. फेस येतो खरा, पण काल खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांवरही तो येतोच, कारण चुन्याचा अंश दोन्हींत सारखाच.

त्यापेक्षा त्याच जातीचा, तेवढ्याच आकाराचा ताजा शिंपला शेजारी ठेवून पाहावे. जुना बराच जड लागतो का? आतली चमक गेली आहे का? पोकळीतली वाळू टाचणीनेही निघू नये इतकी दगडासारखी घट्ट झाली आहे का? उत्तरे ‘हो’ आली तर संशयाला जागा आहे, एवढेच म्हणता येईल.

खरी साक्ष देतो तो आसपासचा खडक. गोवा-कारवारकडचे मूळ खडक बहुतांशी अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. शिंपल्यांचे प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते! त्यामुळे लाटांनी हे खडक फोडले तरी त्यांतून शिंपला निघायचा नाही. कोकणात काही ठिकाणी ‘करळ’ दिसते, म्हणजे वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला खडक. पण तेही साधारणतः काही हजार वर्षांचेच. तमिळनाडूतल्या अरियलूरची किंवा कच्छची गोष्ट वेगळी. तिथे समुद्रापासून दूर, जमिनीवरच्या थरांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले मिळतात. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कोणी ‘लाखो वर्षांचा’ म्हणून शंख विकत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्यावे.

खडकात रुतलेला शिंपला दिसलाच तर तो फोडून काढू नये. जागेवरच छायाचित्र घ्यावे, ठिकाण लिहून ठेवावे आणि भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावे. जागेवेगळा झालेला नमुना निम्मा मुका होतो. कार्बन-१४ चाचणीने सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतचे वय काढता येते, पण ते प्रयोगशाळेचे काम.

बाकी, अस्सल सागरी जीवाश्म कदाचित आपल्या देवघरातच असेल. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे अमोनाइट या शंखधारी समुद्री प्राण्याचा ठसा. हा प्राणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला, आणि आज जिथे हिमालय उभा आहे तिथे त्या काळी समुद्र होता.