जुनी पद्मिनी, गंजका पत्रा आणि टेरिकॉटचा सदरा

वडिलांनी हौसेने घेतलेली आणि आता पडवीत ताडपत्रीखाली विसावलेली प्रीमियर पद्मिनी गोव्यात अजूनही एखाद्या घरी दिसते. तिचे १०८९ सीसीचे साधे इंजिन जाणकार मेकॅनिकच्या हाती पुन्हा सुरू होऊ शकते. खरा प्रश्न पत्र्याचा असतो. या गाडीला स्वतंत्र चॅसी नाही. बॉडीचा सांगाडाच सारा भार पेलतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे दारांखालचे पोकळ भाग आतून कुजतात. त्यांवर पुट्टी लिंपून रंग मारणे म्हणजे रोग झाकणे होय. कुजलेला पत्रा कापून त्याच आकाराचा नवा तुकडा जोडावा लागतो आणि येथेच घरच्या घरी वेल्डिंगचा विचार पुढे येतो.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत.

मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असल्याने त्यासाठी मिग वेल्डिंग सोयीचे. सलग झाल न ओढता दूरदूर टाके घालावेत, अन्यथा पत्रा तापून वाकतो. तत्पूर्वी बॅटरी सोडवावी, गालिचे व आसने बाहेर काढावीत, पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. टाकीलाच भोक असेल तर तिला घरी वेल्डिंग मुळीच करू नये. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते.

यंत्र आणि मुखवटा यांवर खर्च करणारा हौशी माणूस कपड्यांच्या बाबतीत मात्र हमखास चुकतो. मळले तरी चालेल म्हणून तो कपाटातला जुना सदरा काढतो, आणि तो बहुधा टेरिकॉटचा असतो. टेरिकॉट म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण. ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळते, कातडीला चिकटते आणि भाजण्याची जखम खोलवर नेते. नायलॉनचे मोजे आणि अंतर्वस्त्रे यांनाही हेच लागू. कापड ओळखण्याची परीक्षा सोपी आहे: शिवणीतला नव्हे, कापडातलाच एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी.

साधे जाड सुती कापडही पेटते, पण वितळत नाही. नियमित काम करणाऱ्याने अग्निरोधक प्रक्रिया केलेला सुती कोट घ्यावा. त्यावर ‘आयएसओ ११६११’ हे मानक पाहावे. त्यातील पहिला वर्ग हलक्या कामासाठी, दुसरा अधिक ठिणग्यांच्या कामासाठी. गाडीखाली झोपून वेल्डिंग करताना ठिणग्या थेट गळ्यावर व छातीवर पडतात, तेव्हा चामड्याच्या बाह्या आणि एप्रन हवाच. गळ्याचे बटण लावलेले असावे. आर्कच्या अतिनील किरणांनी उघडी कातडी उन्हासारखीच भाजते. खिशांना झाकण असावे, पॅंटचे पाय दुमडलेले नसावेत आणि ते बुटांच्या आत न खोचता बाहेर सोडावेत. नाहीतर ठिणगी नेमकी तिथे जाऊन बसते. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण बुटात शिरलेला तापलेला कण काढायला फीत सोडावी लागते, आणि तेवढा वेळ तो थांबत नाही.

असे कपडे टिकतात ते निगेमुळे. अग्निरोधक सुती कोटाला ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव वर्ज्य. तेलाचा किंवा ग्रीसचा डाग राहिला तर तोच पेट घेतो, म्हणून धुणे टाळू नये. आपल्या दमट हवेत आणखी एक धोका संभवतो: घामाने भिजलेले हातमोजे विजेचा धक्का अडवीत नाहीत. दोन जोड ठेवून आलटून-पालटून वापरावेत. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते. ते पंख्याखाली सावलीत वाळवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात सुकवलेले चामडे ताठ होते, घडीवर चिरते आणि ठिणगीला वाट मिळते.