पावसाळ्यातील खिडकी : झड बाहेर, वाफही बाहेर

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड या गावांवरून वाहत पुढे समुद्रास मिळते. या खोऱ्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात घराच्या भिंती ओलावतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते आणि लहान मुलांचा खोकला हटता हटत नाही. यावर घरोघर एकच उपाय केला जातो. तो म्हणजे खिडक्या घट्ट लावून घेणे. हा उपाय अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला नाही, तर बंद खिडकीच घरातील ओल वाढविते.

ओलीच्या तीन वाटा

घरात ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट पावसाच्या झडीची. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस खिडकीच्या फटींतून, चौकट व भिंत यांच्या सांध्यांतून आणि गिलाव्याच्या भेगांतून आत शिरतो. पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येत असल्यामुळे त्या बाजूंच्या भिंतींना हा त्रास अधिक होतो. दुसरी वाट जमिनीची. दिव्याच्या वातीत तेल चढावे त्याप्रमाणे जोत्यातील पाणी विटा व दगडांच्या सांध्यांतून वर चढते, भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओला राहतो आणि त्यावर पांढरा लोणा फुटतो. तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. ती हवेतील वाफेची होय. ही वाफ थंड भिंत, फरशी किंवा काच यांना लागली की तिचे पाणी होते.

या तिन्हींचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे ओल कोणत्या वाटेने येते हे प्रथम ओळखले पाहिजे. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. ओलसर भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर वीतभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा. एक-दोन दिवसांनी पाहावे. खोलीच्या बाजूने प्लास्टिकवर थेंब जमले असतील, तर ते पाणी घरातील हवेतून आलेले आहे. भिंतीकडील बाजूस ओल असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. ही एवढी पाहणी न करता भिंतीस महागडा रंग देण्यावर होणारा खर्च बहुधा वाया जातो.

हवेतील पाण्याचा हिशेब

हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. १० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९ ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. वाफेने भरलेली हवा थंड झाली की जास्तीची वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. ज्या तापमानास हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात.

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळ्यात घर तापवून २० अंशांवर ठेवतात. तेथील आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे ९ अंश येतो. म्हणजे काच खोलीपेक्षा ११ अंशांनी थंड झाली, तरच तिच्यावर पाणी जमते. म्हणून तेथे खिडक्यांच्या फटी बुजवितात व दुहेरी काचा बसवितात. घरातील ऊब वाचविणे हा त्यामागील मुख्य हेतू असतो. महाडच्या पावसाळ्यात स्थिती निराळी आहे. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. एखादी भिंत किंवा फरशी हवेपेक्षा अवघ्या दोन अंशांनी थंड असली, तरी तिला घाम फुटतो. येथे वाचविण्यासारखी ऊब नाही. आवरावयाची आहे ती वाफ.

या वाफेत घर स्वतः मोठी भर घालते. माणसांचा श्वास, उकळता भात, आंघोळीचे गरम पाणी आणि आत वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाकाठी काही लिटर पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही वाफ तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत २० लिटरांहून अधिक पाणी स्वयंपाकघराच्या हवेत सोडतो.

जुने घर आणि नवे घर

या भागातील जुन्या कौलारू घराची रचना पावसाचा विचार करूनच झालेली होती. उंच जोते, भिंतींपासून बरीच पुढे आलेली वळचण आणि घराभोवतीची पडवी यांमुळे झड मुख्य भिंतीपर्यंत पोहोचत नसे. कारवीच्या कुडाच्या वा मातीच्या भिंती ओलावा शोषून घेत आणि उघडीप मिळताच सोडून देत. चुलीचा धूर व वाफ कौलांच्या फटींतून बाहेर जाई. धुराने घरातील स्त्रियांच्या डोळ्यांची व फुप्फुसांची हानी होत असे, ही त्या घराची उणी बाजू विसरता येणार नाही. परंतु वाफेला वाट होती.

नव्या स्लॅबच्या घरात धुराचा जाच कमी झाला, त्याचबरोबर वळचण आखडली, पडवी गेली आणि कौलांची फटही बंद झाली. झड थेट भिंतीवर आपटते व आतील वाफ आतच कोंडते. म्हणूनच खिडकीवर आता दुहेरी जबाबदारी आली आहे. तिने पाऊस अडवावा आणि वाफ जाऊ द्यावी.

खिडकीची दुरुस्ती

आगोटीच्या तयारीत कौले चाळणे, लाकूडफाटा भरणे ही कामे होतात. त्यांतच खिडक्यांची तपासणी धरावी. फट शोधण्यासाठी वाऱ्याच्या दिवशी खिडकी लावून तिच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवावी. जेथे धूर एकदम वाकतो किंवा थरथरतो, तेथे फट आहे असे समजावे.

चौकट व भिंत यांमधील भेग खरवडून स्वच्छ करावी व बाहेरून चुना-सिमेंटच्या मालाने भरावी. तावदान हलत असेल, तर जुनी लांबी काढून नवी भरावी. झडप व चौकट यांच्यामध्ये मऊ रबरी पट्टी लावावी. चिंध्या वा कागद कोंबू नयेत. ते पाणी धरून ठेवतात व लाकूड कुजवितात. सुताराकडून झडप बसवून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे महिन्यात कोरडे असलेले लाकूड जुलैत फुगते. उन्हाळ्यात तंतोतंत बसविलेली झडप पावसात अडकते, म्हणून नाण्याच्या जाडीएवढे अंतर सोडून ते पट्टीने भरून काढणे सोयीचे ठरते.

छज्जाच्या खालच्या बाजूस, काठापासून थोडे आत, बोटभर रुंदीची खाच ठेवावी. तिच्यामुळे छज्जावरून ओघळणारे पाणी मागे भिंतीकडे न वळता तेथेच ठिबकते. खिडकीच्या खालच्या बैठकीस बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. ही दोन्ही कामे बांधकामाच्या वेळी जवळजवळ खर्चाविना होतात. नंतर मात्र भिंत फोडावी लागते.

वाफेला वाट

झडीची बाजू अशी बंद केल्यावर वाऱ्याच्या आडोशाची खिडकी मात्र स्वयंपाकाच्या व आंघोळीच्या वेळी उघडी ठेवावी. भिंतीच्या वरच्या भागात, छज्जाखाली, जाळीचा झरोका असावा व तो पावसाळ्यातही बुजवू नये. गरम वाफ वर चढते, त्यामुळे उंचावरील लहान झरोकाही उपयोगी पडतो. भातावर झाकण ठेवावे. ओले कपडे निजण्याच्या खोलीत न टांगता पडवीत किंवा झरोक्याजवळ वाळवावेत. उघडीप पडेल त्या दिवशी सर्व दारे-खिडक्या उघडून घर वाऱ्याला द्यावे. याला एक अपवाद आहे. बाहेरची हवा दमट व उष्ण असताना थंड फरशी ओली होत असेल, तर खिडक्या सताड उघडल्याने आणखी वाफ आत येते. अशा वेळी पंखा चालू ठेवून फरशी कोरडी होऊ द्यावी. कपाटे व पेट्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवल्यास त्यांच्या मागे हवा खेळती राहते.

ओल घालविण्यासाठी बंद खोलीत शेगडी पेटविण्याची प्रथा मात्र अत्यंत धोक्याची आहे. विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून प्रत्येक फट बुजवितात व रात्रभर निखारे ठेवतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणसाचे भान हरपते आणि मृत्यू ओढवू शकतो. मातेला व बाळाला उबदार कपडे व कोरडे अंथरूण द्यावे, त्यांच्या अंगावर थेट वारा येऊ देऊ नये. परंतु झरोका उघडाच असावा आणि पेटती शेगडी खोलीत ठेवून कोणीही निजू नये. ही सूचना आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत प्रत्येक घरी पोहोचणे आवश्यक आहे.

पत्र्याचे छप्पर आणि थंड केलेली कचेरी

पावसाळा संपला तरी हा प्रश्न पुरता सुटत नाही. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा थंड होतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दवाचे थेंब अंथरुणावर पडतात. छप्पर गळते आहे असा समज होऊन पत्र्यावर डांबर लावले जाते, पण उपयोग होत नाही. पत्र्याखाली थोडे अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे आढे-छत करावे आणि दोन्ही टोकांना हवा जाण्यास जागा ठेवावी. दिवसाचा उकाडाही त्यामुळे कमी होतो.

वातानुकूलित कचेरीत थंड देशातील प्रकार उलटा होतो. आत थंडावा व बाहेर दमट हवा असल्यामुळे काचेच्या बाहेरील अंगाला घाम येतो, आणि फटींतून शिरणारी दमट हवा कोरडी करण्यात यंत्राची वीज खर्च होते. अशा खोलीच्या खिडक्यांच्या फटी अवश्य बुजवाव्यात. यंत्राचे तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवावे. एक अंश वाढविल्याने सुमारे ६ टक्के विजेची बचत होते, असे केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सांगितले आहे.

शाळा व ग्रामपंचायत

शाळेत पोषण आहाराचा तांदूळ, पाठ्यपुस्तके व दप्तर या तिन्ही वस्तूंना ओलीपासून जपावे लागते. साठवणीच्या तांदळात १४ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास बुरशी व किडीस वाव मिळतो. पोती फळीवर, भिंतीपासून दूर रचावीत. शिक्षकांना या निमित्ताने वर्गात एक सोपा प्रयोगही दाखविता येईल. स्टीलच्या पेल्यातील पाण्यात बर्फाचे तुकडे टाकत ढवळावे आणि पेल्यावर बाहेरून दव जमू लागताच पाण्याचे तापमान मोजावे. तोच त्या वेळचा दवबिंदू.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) खाली घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे. एवढ्या लहान घरात चुलीची वा गॅसची वाफ काही वेळातच सर्वत्र पसरते. म्हणून जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर, खिडक्यांवर पुरेसा छज्जा, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आणि स्वयंपाकाच्या जागी झरोका या चार गोष्टी आहेत की नाहीत, हे पंचायत सदस्यांनी बांधकाम चालू असतानाच पाहावे.

जुलै २०२१ मधील महापुरात महाड शहरातील असंख्य घरांच्या तळमजल्यांत पाणी व गाळ शिरला. अशा भिजलेल्या जाड भिंती वाळण्यास कित्येक महिने लागतात. पूर ओसरताच तैलरंग किंवा टाइल्स लावून ओल झाकल्यास ती आत कोंडते व गिलावा सुटतो. भिंतीस श्वास घेऊ देणारा चुन्याचा हात प्रथम द्यावा आणि पक्का रंग पुढील उन्हाळ्यावर सोपवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार अधिक प्रमाणात होतात, असा त्यांतील निष्कर्ष आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील पाऊस कोणाच्या हाती नाही. परंतु मे महिन्यातील एक दिवस सुताराला व गवंड्याला आणि पावसाळ्यातील रोजची काही मिनिटे आडोशाच्या खिडकीला दिल्यास, घरातील मूल कोरड्या अंथरुणावर निजेल. गावातील प्रत्येक घरी एवढी व्यवस्था व्हावी, यासाठी शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी येत्या आगोटीपूर्वीच पुढाकार घ्यावा.