घरीं बांधलेल्या विमानाचा उपकरणफलक

विमान ही मोठ्या कारखान्यांतच तयार होणारी वस्तु, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु हौसेनें घरीं विमान बांधणारे लोकही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत घराच्या गच्चीवर बांधलेलें विमान २०१६ सालीं तेथील प्रदर्शनांत पुष्कळांनीं पाहिलें. अमेरिकेंत तर हा छंद चांगलाच रुजला आहे. ओरेगन प्रांतांतील व्हॅन्स या कंपनीचे सुटे भाग आणून हौशी लोकांनीं जोडलेलीं अकरा हजारांहून अधिक विमानें आजवर उडालीं आहेत. बांधणीचें निम्म्याहून अधिक काम हौशी मंडळींनीं स्वतः केलेलें असावें, ही तेथील कायद्याची मुख्य अट. कोणतीं उपकरणें बसवावीं, हें ठरविण्याची मोकळीकही पुष्कळ अंशीं बांधणाऱ्यालाच असते. आणि जोखीम आहे ती या मोकळिकींतच.

आकाश निरभ्र असतां वैमानिकाला क्षितिज दिसतें. ढगांत शिरतांच तें नाहींसें होतें. कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे, त्याला सावकाश चाललेलें वळण कळत नाहीं. विमान कलंडत असतांही आपण सरळ चाललों आहों, असेंच माणसाला वाटत राहतें. १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत उपकरणांवरून विमान चालविण्याचें शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. बाहेरचें दृश्य झांकतांच विसांपैकीं प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ अवघा १७८ सेकंदांचा होता! उपकरणफलक हा शोभेचा विषय नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

पूर्वी या फलकावर सहा तबकड्या असत: वेगमापक, उंचीमापक, चढउतारदर्शक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि कृत्रिम क्षितिज. यांपैकीं कांहींच्या पोटांत वेगानें फिरणारीं चक्रें असत. आतां या सहांचें काम एक विजेचा पडदा करितो. त्याच्यामागें फिरतें चक्र नसतें; विमानाचा कल आणि गति मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात, आणि एक छोटा संगणक त्यांचा हिशेब करितो.

स्वयंचालक, म्हणजे ऑटोपायलट, याची कल्पना मात्र जुनी आहे. १९१४ च्या जून महिन्यांत लॉरेन्स स्पेरी यानें पॅरिसजवळ सीन नदीवर विमान नेऊन आपले दोन्ही हात वर केले. त्याचा यांत्रिक तर पंखावर चालत गेला, तरी विमान समतोल राहिलें! आजचा स्वयंचालक छोट्या विजेच्या मोटारींकडून काम करवितो. एक मोटार विमानाचा डावा-उजवा कल सांभाळते, दुसरी नाकाचा चढउतार. पुष्कळ संचांत एक बटण असें असतें, कीं तें दाबतांच विमान आपोआप सरळ व समतल होतें. गोंधळलेल्या वैमानिकाला याहून मोठा आधार नाहीं.

परंतु या आधाराला एक मर्यादा आहे. स्वयंचालकाला स्वतःचे डोळे नाहींत. पडदा ज्या संवेदकांवर विसंबतो, त्यांवरच बहुधा तोही विसंबतो. कांहीं संच विमानाचा कल ठरवितांना हवेच्या वेगाचाही आधार घेतात. वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशीं बर्फ धरलें, तर दोन्ही आंकडे बिघडण्याचा संभव असतो. मग पडदा चुकीचें सांगतो आणि स्वयंचालक तें इमानानें पाळतो. म्हणून दुसरें कृत्रिम क्षितिज असावें. त्याचे संवेदक वेगळे, त्याची बॅटरी स्वतःची. एकाच तारेवर टांगलेले दोन पडदे हे दोन नव्हेत, एकच होत.

निवड करतांना पहिला प्रश्न किंमतीचा नसून हेतूचा असावा. केवळ स्वच्छ दिवसा गांवाभोंवतीं फेरी मारावयाची असेल, तर थोडींच उपकरणें पुरतात. ढगांतून लांब प्रवास करावयाचा असेल, तर हिशेब बदलतो. पडद्यांतील साधा उपग्रहमार्गदर्शक नकाशा दाखविण्यास पुरतो. परंतु ढगांतून धांवपट्टीकडे उतरण्यास मान्यताप्राप्त मार्गदर्शक संच लागतो. त्याचा आणि स्वयंचालकाचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वींच पाहावें. अमेरिकेंत २०२० सालापासून पुष्कळशा नियंत्रित आकाशांत विमानानें आपलें ठिकाण आपोआप प्रक्षेपित करणेंही सक्तीचें आहे.

विमान बांधण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात आणि विजेचीं उपकरणें लवकर जुनीं होतात. यास्तव पडदे शेवटीं घेणें शहाणपणाचें. मात्र मोटारींची जागा पंख व धड बंद होण्यापूर्वींच राखून ठेवावी. चुंबकीय दिशामापकही लोखंडापासून व जाड तारांपासून दूर बसवावा, नाहींतर दिवा लावतांच दिशा बदललेली दिसावयाची!

आणि सर्व बसवून झाल्यावर बांधणाऱ्यानें प्रत्येक तारेवर बोट ठेवून विचारावें: ही तुटली, तर फलकावर काय शिल्लक राहील? जें शिल्लक राहील, तेवढ्यावरच विमान सुखरूप खालीं आणण्याचा सराव त्यानें शिक्षकाला शेजारीं बसवून करावा. तो साधला, म्हणजे निवड बरोबर झाली असें समजावें.